आर्डुइनो उनोला वीज कुठून द्यायची?

आर्डुइनो उनो, म्हणजे प्रोग्रॅम भरून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, हातात आला की सगळी धाव प्रोग्रॅम लिहिण्याकडे असते. विजेचं काय, केबल खुपसली की झालं! पण चालता चालता बोर्ड मध्येच रीसेट होऊ लागला, तर कोडच्या ओळी चाळण्याआधी वीज कोणत्या वाटेनं आत येते आहे ते बघावं, असं माझं ठाम मत आहे. (खालचे आकडे उनोच्या आर३ आवृत्तीचे आहेत.)

सुरुवातीला यूएसबीच बरी. तिथून ५ व्होल्ट मिळतात आणि वाटेत एक फ्यूज असतो. प्रवाह ५०० मिलीअँपिअरच्या बराच वर गेला की तो तापतो, त्याचा रोध वाढतो आणि प्रवाह आवळला जातो. गार झाला की वाट पुन्हा मोकळी. फक्त केबल नीट बघून घ्या. काही केबल निव्वळ चार्जिंगच्या असतात. बोर्डावरचा दिवा लागतो, पण कॉम्प्युटरला बोर्ड दिसतच नाही, कारण आत डेटाच्या तारा नसतात.

दुसरी वाट गोल जॅकची. इथे ७ ते १२ व्होल्टचा ऍडॅप्टर चालतो, मधली पिन धन हवी. मग १२ व्होल्टचा घ्यावा का? चालेल, पण गणित करून पाहा. बोर्डावरचा रेग्युलेटर जादा व्होल्टेज उष्णता करून उडवून टाकतो. १२ मधून ५ वजा केले की ७ उरतात. बोर्ड आणि जोडलेली मंडळी मिळून ०.२ अँपिअर ओढत असतील, तर १.४ वॉट त्या नखाएवढ्या चिपमध्ये जिरतात. बोट टेकवलंत तर चटका बसेल. फार तापली की ती स्वतःच बंद होते आणि बोर्ड अचानक मान टाकतो. ९ व्होल्टला हीच उष्णता ०.८ वॉटवर येते, म्हणून मी ९ व्होल्टचाच ऍडॅप्टर सुचवेन.

जॅकच्या मागे उलट जोडणीपासून वाचवणारा डायोड असतो. विन (Vin) पिनला, म्हणजे बाहेरची वीज जॅकऐवजी तारेनं द्यायच्या पिनला, तो नाही. ५ व्होल्टच्या पिनमधून वीज आत दिलीत, तर ना रेग्युलेटर, ना फ्यूज. तिथे चूक झाली की थेट मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या मुख्य चिपवर.

सर्वो मोटर (सिग्नल सांगेल त्या कोनात फिरणारी मोटर) असेल तर तिला वेगळी वीज द्याच. सिग्नल पिननं २० मिलीअँपिअरपर्यंतच द्यावेत आणि अडकलेला छोटा सर्वोही शेकडो ओढतो. दोन्हीकडचे ग्राऊंड (ऋण टोकं) मात्र एकमेकांना जोडा, नाहीतर सिग्नल कशाच्या तुलनेत मोजायचा हे सर्वोला कळणार नाही.

आता बोर्ड ठेवायचा कुठे? खालच्या बाजूला सोल्डरची टोकं उघडी असतात. स्टीलच्या टेबलावर किंवा तो ज्या चंदेरी पिशवीतून येतो तिच्यावर ठेवून वीज देऊ नका, शॉर्ट होऊ शकतं. चार भोकांत ३ मिलिमीटरचे स्क्रू आणि नायलॉनचे उभे स्पेसर लावावेत. यातलं एक भोक पिनांच्या पट्टीला इतकं खेटून आहे की स्क्रूचं डोकं तिला घासतं. तिथे धातूचा स्क्रू नकोच, नायलॉनचा घ्या किंवा तीनवर भागवा. डब्यात बसवणार असाल तर रेग्युलेटरच्या वर हवेला जागा सोडा आणि यूएसबीच्या तोंडाशी खाच पाडून घ्या, प्रोग्रॅम बदलायला तिथूनच जावं लागतं.