गॅसचे शॉक टाकले म्हणून गाडी मऊ होत नाही

राजापूर असो की देवगड, जीप दणके देते म्हटलं की हमखास सल्ला मिळतो: ‘गॅसचे शॉक टाका, मऊ चालेल.’ हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी लोकांचे पैसे फुकट जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

गाडीचं वजन पेलतात स्प्रिंगा किंवा पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या). शॉक म्हणजे शॉकॲब्सॉर्बर फक्त त्यांची उसळी जिरवतो: आतला पिस्टन बारीक वाटांतून तेल ढकलतो आणि तिथे होणारा विरोध उसळीचा जोर काढून घेतो. गॅसच्या शॉकमध्ये नायट्रोजन वायू भरतात तो तेलाला फेस येऊ नये म्हणून. जांभ्याच्या खडबडीत वाटेवर गाडी बराच वेळ हाणली की तेल तापतं, फेसाळतं, शॉक ढिला पडतो. गॅस हा फेस बराच रोखतो, एवढंच. शॉकचा मऊपणा ठरतो आतल्या व्हॉल्व्हवर, म्हणजे तेलाच्या त्या बारीक वाटांवर. उलट जास्त दाबाच्या एकनळी (तेल आणि गॅस एकाच नळीत असलेल्या) गॅस शॉकने रिकामी गाडी थोडी कडकच लागते.

आंब्याच्या पेट्या भरून घाट चढणारी गाडी आणि घरच्या चार माणसांची थार यांना एकच शॉक कसा चालेल? जड स्प्रिंगेसाठी बनवलेला शॉक मूळ स्प्रिंगेवर लावला तर प्रत्येक खड्डा कमरेत बसतो.

किनाऱ्यावर तर आधी पाटे बघा. खाऱ्या हवेने ते गंजून एकमेकांना धरतात, मग कुठलाही शॉक लावा, दणका येणारच. टायरमधली हवाही तपासा. शॉक बदलायचेच तर एका ॲक्सलचे दोन्ही एकदम बदला.