अग्निगोल (संध्याकाळी दिसणारा)

संध्याकाळी अंगणात नाहीतर गच्चीवर असताना आभाळातून जळत काहीतरी खाली येताना दिसलं की आपल्याकडे तोंडातून पहिलं निघतं ते "तारा तुटला". तारा बिरा काही तुटत नाही. अवकाशातला दगड हवेत शिरून पेटला की ती उल्का, तीच शुक्रापेक्षा झगझगीत असेल तर अग्निगोल, आणि त्यातून वाचून जमिनीवर पोचतो तो तुकडा म्हणजे अशनी. "शेतात उल्का सापडली" हे तसं चुकीचंच, पण पेपरात सर्रास येतं आणि आता कुणी मनावरही घेत नाही.

महाराष्ट्रात सगळ्यात जास्त लोकांनी बघितलेला अलीकडचा असा प्रकार म्हणजे २ एप्रिल २०२२ चा. त्या दिवशी गुढीपाडवा होता, गुढ्या उतरवून लोक जरा निवांत झालेले, आणि पावणेआठच्या सुमाराला विदर्भ, खानदेश आणि पलीकडे मध्य प्रदेशातूनही आकाशात जळत्या तुकड्यांची एक रांगच्या रांग सरकताना दिसली, लोकांनी मोबाईल काढून व्हिडिओ घेतले, अर्ध्या तासात व्हॉट्सॲपवर कुणी उल्कापात म्हणतंय, कुणी विमान पडलं, कुणी डायरेक्ट मिसाईल. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात धातूची भलीमोठी रिंग सापडली, साधारण ३ मीटर व्यासाची, आणि आसपासच्या गावांत धातूचे गोळेही मिळाले. त्याच दिवशी न्यूझीलंडहून उडालेल्या एका रॉकेटवर आधी संशय गेला, पण हिशेब जुळला तो चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याशी, जे फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालं होतं. म्हणजे वर्षभर पृथ्वीभोवती फिरून ते आपल्याकडे उतरलं.

खरं तर रिंग सापडायच्या आधी व्हिडिओवरूनच हे ओळखता आलं असतं. कक्षेत फिरणारी वस्तू सेकंदाला जेमतेम ७-८ किलोमीटर वेगानं आणि जवळजवळ आडवी येते, म्हणून ती अर्धा मिनिट, मिनिटभर, कधी त्याहून जास्त दिसत राहते आणि तिचे तुकडे वरातीसारखे एकामागून एक चालतात. अवकाशातला दगड निदान ११ किलोमीटरच्या वेगानं घुसतो, ७० च्या पुढेही जाऊ शकतो, त्यामुळे त्याचा खेळ बहुतेक वेळा ५-१० सेकंदांत आटपतो. खिशातून फोन काढून, कॅमेरा उघडून, शेजाऱ्याला हाक मारून तरी ते अजून चालूच असेल तर तो दगड नसावा असं समजायला हरकत नाही. आणि मावळतीकडे नारिंगी रेघ पाच-दहा मिनिटं आरामात खाली सरकत असेल तर ते लांब जाणारं विमान असतं, त्याच्या मागच्या रेघेवर बुडालेल्या सूर्याचा उजेड खालून पडतो, ह्याला भलेभले फसतात.

पण दरवेळी रॉकेटच असतं असंही नाही. त्याच वर्षी १७ ऑगस्टला संध्याकाळी गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात दियोदरजवळ रावेल आणि रांटिला या गावांत खरोखरचा अशनी पडला. तोही साधा नाही, ऑब्राइट नावाचा दुर्मिळ प्रकार, भारतात त्याआधीचा असा अशनी १८५२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बस्तीला पडलेला.

संध्याकाळच्या वेळेलाही अर्थ आहे. पावसात एसटी धावत असली की पुढच्या काचेवर थेंब सटासट आपटतात आणि मागच्या काचेवर तुरळक. पृथ्वीचंही तसंच, सूर्याभोवती धावताना पहाटेची बाजू पुढे असते आणि संध्याकाळची मागे. म्हणून पहाटे उल्का जास्त दिसतात, पण त्या समोरून आपटणाऱ्या, फार वेगवान, त्यांची राख होते. संध्याकाळी येणारा दगड पृथ्वीला मागून गाठतो, वेग कमी, म्हणून त्यातलं काहीतरी खाली पोचायचा चान्स जास्त.

पडला कुठे, हा प्रश्न मात्र सगळ्यांना चकवतो. "तिकडं टेकडीमागंच पडला" हे वाक्य हमखास ऐकू येतं, पण दगडाचा उजेड साधारण २०-३० किलोमीटर उंचीवरच विझतो, पुढचे काही मिनिटं तो अंधारात नुसता खाली येत असतो, आणि क्षितिजाला टेकल्यासारखा दिसला तर तो शंभर-दीडशे किलोमीटर लांबही असू शकतो. म्हणून लगेच टॉर्च घेऊन पळू नये. जागेवरच उभं राहून घड्याळ बघावं. आवाज ३ सेकंदांत एक किलोमीटर येतो, तेव्हा ६० किलोमीटरवरचा गडगडाट ३ मिनिटांनी पोचतो, आणि तो आला तर काहीतरी खाली आल्याची आशा वाढते. कुठल्या झाडाच्या किंवा खांबाच्या वर दिसायला लागला आणि कशापाशी विझला ते लक्षात ठेवावं. हात सरळ लांब करून मूठ धरली की १० अंश, अंगठा-करंगळी ताणून वीत केली की २० अंश, एवढ्यावर उंची सांगता येते. दोन-तीन गावांतून अशा दिशा मिळाल्या तर रेषा जुळवून पडल्याची जागा काढतात.

दगड सापडलाच तर धुवू नये, फोडून तर अजिबात बघू नये, स्वच्छ पिशवीत घालून तहसीलला किंवा पोलिसांना कळवावं. देशातले अशनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण सांभाळतं आणि त्यांचं मोठं ऑफिस नागपूरलाच आहे. नागपूर जिल्ह्यात काटोलला २२ मे २०१२ ला, तेही भर दुपारी, अशनी पडले होते, त्या प्रकारच्या दगडात लोखंडाचे कण असतात, चुंबक चिकटतो. पण दियोदरसारखा ऑब्राइट चुंबकाला फारशी दाद देत नाही, आणि उलट आपला काळा पाषाण कधीकधी चुंबकाला किंचित ओढतो, त्यामुळे महाराष्ट्रात तरी नुसत्या चुंबकावर विसंबू नये. ताज्या अशनीवर बहुधा पातळ काळपट साल असते, एखादा कोपरा उडाला असेल तर आतला रंग वेगळा, फिकट दिसतो. भोकं भोकं असलेला जड काळा गोळा मात्र बहुतेक वेळा कुठल्यातरी भट्टीतला मळ निघतो.