नळी काढायची वेळ झाली, पण रुग्ण शुद्धीवर येताच बिथरतो तेव्हा

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा न्यूमोनिया आटोक्यात आला, ताप उतरला, रक्तातला ऑक्सिजनही ठीक आहे. डॉक्टर सांगतात, "उद्या सकाळी नळी काढून बघू." आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर रात्री काढणारे नातेवाईक हात जोडतात. सकाळी गुंगीचं औषध थांबवलं जातं आणि थोड्याच वेळात आतला माणूस पाय झाडू लागतो, सलाइन ओढतो, घशातल्या नळीकडे हात नेतो. समोर कोण उभं आहे ते त्याला उमगत नाही. हात बांधावे लागतात. तेवढ्यानं भागलं नाही की गुंगीचं औषध पुन्हा सुरू, आणि नळी त्या दिवशी निघत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

या अवस्थेला डिलिरियम म्हणतात. जुनी माणसं 'वात झाला' म्हणायची. हे वेड नाही. जंतुसंसर्ग, मोडलेली झोप, दुखणं आणि आपणच दिलेली औषधं या सगळ्यांनी मिळून मेंदूत माजवलेला तो गोंधळ असतो. पेच असा की रुग्णाला शांत करायला मिडाझोलमसारखं औषध द्यावं तर डिलिरियमचा धोका वाढतो. शिवाय जास्त मात्रेत ते श्वासही मंदावतं, आणि नळी काढण्यासाठी तर रुग्णानं स्वतःचा श्वास स्वतः घ्यायला हवा! फुप्फुसं तयार असूनही माणूस व्हेंटिलेटरवर अडकून राहतो.

हा उशीर किती महाग पडतो ते 2008 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासानं दाखवलं. आपला श्वास मुख्यतः छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासपटलाच्या स्नायूवर चालतो. मेंदूमृत अवयवदात्यांचं श्वासपटल व्हेंटिलेटरमुळे 18 ते 69 तास निष्क्रिय होतं. त्यातले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा थोड्या वेळाच्या शस्त्रक्रियेतल्या रुग्णांच्या तुलनेत त्यांचा आकार निम्म्याहूनही कमी भरला. प्लास्टर काढल्यावर हात बारीक झालेला दिसतो, पण त्याला काही आठवडे लागतात. इथे दोन-तीन दिवसही पुरतात. म्हणूनच 'अजून एक दिवस झोपू दे' हा निर्णय वाटतो तितका निरुपद्रवी नाही.

गुंगी कमी करणं हा पहिला उपाय. शिकागो विद्यापीठातल्या डॉक्टरांनी 128 रुग्णांवर केलेला प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांचं गुंगीचं औषध रोज एकदा थांबवून त्यांना जागं होऊ दिलं. व्हेंटिलेटरवरचा त्यांचा मध्यक काळ 4.9 दिवसांचा होता, बाकीच्यांचा 7.3. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. आहे तेच औषध रोज थोडा वेळ बंद, एवढंच. मला हा शोध फार मोठा वाटतो.

पण जागं करताच जो बिथरतो त्याचं काय? इथे डेक्समेडेटोमिडीन नावाचं गुंगीचं औषध कामाला येतं. मेंदूच्या बुंध्यात लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा एक छोटा पुंजका असतो. जाग आणि सावधपणा टिकवणारं नॉरॲड्रेनालिन तिथून मेंदूभर पसरतं. हे औषध तिथला पुरवठा कमी करतं. रुग्ण झोपी जातो, पण ही झोप बरीचशी नैसर्गिक झोपेसारखी असते. हाक मारली की तो डोळे उघडतो, सांगितलं तर बोटं दाबतो, आणि मुख्य म्हणजे श्वास फारसा मंदावत नाही. त्यामुळे औषध चालू ठेवूनही नळी काढता येते.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या 15 आयसीयूंनी नेमक्या अशाच रुग्णांवर चाचणी घेतली. बाकी सगळं ठीक, पण डिलिरियममुळे इतके अस्वस्थ की नळी काढणं सुरक्षित नाही, असे हे रुग्ण. 2016 साली निष्कर्ष आले. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला हे औषध मिळालेल्यांची नळी मध्यकानुसार 21.9 तासांत निघाली, नुसतं सलाइन मिळालेल्यांची 44.3 तासांत. डिलिरियमही लवकर उतरला. रुग्ण मात्र फक्त 74 होते, कारण या अटीत बसणारे रुग्ण मिळणंच अवघड होतं. त्यामुळे या आकड्यांवर भिस्त ठेवताना हात जरा आखडता घ्यावा.

कारण 2019 साली सुमारे 4000 रुग्णांच्या मोठ्या चाचणीत हे औषध सुरुवातीपासूनच मुख्य गुंगीचं औषध म्हणून दिलं, तेव्हा नेहमीची गुंगीची औषधं मिळालेल्यांच्या तुलनेत मृत्यूंमध्ये काहीच फरक पडला नाही. 90 दिवसांतलं प्रमाण दोन्ही गटांत 29.1 टक्के. 65 वर्षं आणि त्याखालच्या रुग्णांत तर मृत्यू जास्त दिसले, म्हणून युरोपच्या औषध नियामकांनी 2022 साली डॉक्टरांना सावध केलं. नाडी मंदावणं आणि रक्तदाब उतरणं हे दुष्परिणामही नेहमीचे, त्यामुळे मॉनिटरवरून नजर हटवता येत नाही. तेव्हा हे सरसकट सगळ्यांचं औषध नव्हे. बिथरलेपणामुळेच ज्याची नळी अडली आहे, त्याचं आहे.

आणि या औषधासोबत नातेवाइकांनाही काही करता येतं. भेटीच्या वेळेत चष्मा आणि कानाचं यंत्र घेऊन जा, सिस्टरना विचारून ते रुग्णाला लावा. आज कोणता वार आहे, सकाळ आहे की संध्याकाळ, घशात नळी का आहे, हे त्याच्या ओळखीच्या आवाजात सांगा. नळीमुळे त्याला उत्तर देता येणार नाही, तरी सांगा. पुढच्या भेटीला पुन्हा सांगा.