खाली वारा नाही, मग आतषबाजी रद्द का?

थीम पार्कमध्ये रात्रीच्या आतषबाजीसाठी लोक तास-दीड तास आधीपासून जागा धरून बसतात. वेळ होते, आणि ध्वनिक्षेपकावरून घोषणा येते की वरच्या थरातल्या वाऱ्यामुळे आजची आतषबाजी होणार नाही. खाली झाडाचं पानही हललेलं नसतं. लोक चरफडतात. दारूगोळ्याचा खर्च वाचवायला निमित्त काढलं, असंही कुणीतरी म्हणतंच. पण घोषणा बहुतेक वेळा शंभर टक्के खरी असते.

जमिनीलगतचा वारा झाडांना, इमारतींना, टेकाडांना घासून मंदावतो. जसजसं वर जावं तसतसं हे घर्षण कमी होतं आणि वेग वाढतो. दिवसा हा फरक फार जाणवत नाही, कारण उन्हाने तापलेली हवा वर जाते, वरची खाली येते आणि सगळी हवा घुसळून निघते. सूर्य मावळला की ही घुसळण थांबते. जमिनीलगत थंड, जड हवेचा थर बसतो आणि त्याच्या वरचा वारा खालच्या घर्षणातून मोकळा सुटतो. म्हणजे खाली जितकं शांत, तितकं वर वाऱ्याला रान मोकळं, असं आकाश निरभ्र असलेल्या रात्री सहज होतं. आतषबाजीची वेळ नेमकी तीच.

गोळे फुटतात तेही त्याच उंचीवर. ढोबळ हिशेब असा की गोळ्याच्या व्यासाच्या दर इंचामागे साधारण १०० फूट उंची मिळते. ३ इंची गोळा ९० मीटरवर फुटतो, ६ इंची १८० मीटरच्या आसपास. खाली बसलेल्या माणसाच्या गालाला लागणारा वारा आणि त्या गोळ्याला लागणारा वारा यांचा संबंध असेलच असं नाही. त्यामुळे खांबावर फिरणारं वेगमापक यंत्र इथे अर्धीच माहिती देतं. उरलेली माहिती मिळवायचा जुना आणि अजूनही उत्तम मार्ग म्हणजे हेलियमचा छोटा फुगा. त्याचा वर जायचा वेग ठाऊक असतो, मिनिटाला दीडशे-एक मीटर धरा. रात्री त्याला बारीकसा दिवा बांधायचा आणि दुर्बिणीतून त्याचा कोन टिपत राहायचं. फुगा कोणत्या उंचीवर किती सरकला यावरून त्या-त्या थरातल्या वाऱ्याचा वेग आणि दिशा निघते. दोन मिनिटांत काम होतं. हेच काम आता आवाजाचे किंवा लेझरचे झोत आकाशात सोडून, त्यांच्या परावर्तनावरूनही करता येतं.

पण वाऱ्याची एवढी धास्ती कशासाठी? वर जाणारा गोळा जड असतो आणि नळीतून सुटताना त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात असतो. त्याला वारा फारसा हलवू शकत नाही. प्रश्न खाली येणाऱ्या वस्तूंचा आहे.

गोळा म्हणजे कागदाचे थर चिकटवून केलेलं कवच. आत फोडणारी दारू आणि गोट्यांएवढ्या रंगीत ज्वालांच्या गोळ्या. लाल रंग स्ट्राँशियमच्या क्षारांचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा. यातली प्रत्येक गोळी जमिनीवर यायच्या आत जळून संपायला हवी. बहुतेक प्रकार दोन-चार सेकंदांत विझतात. पण विलोच्या झाडासारखे सोनेरी झुबके खाली ओघळत येतात ना, ते बराच वेळ जळतात आणि खालपर्यंत येतात. वारा वाढला की यादीतून पहिलं नाव कटतं ते त्यांचं. दिसायला ते सगळ्यांत देखणे, पण वाऱ्यात सगळ्यांत बेभरवशाचे.

कवचाचे तुकडे जळत नसले तरी उडतात. पुठ्ठ्याचा हलका तुकडा सेकंदाला ३ मीटर वेगाने खाली येतो असं समजा. १५० मीटरवरून जमिनीवर यायला त्याला ५० सेकंद लागतील. वर सेकंदाला ८ मीटरचा वारा असेल, तर तेवढ्या वेळात तो ४०० मीटर लांब जाऊन पडेल. त्यात एखादा धुमसता तुकडा असला, तर तो कुणाच्या छपरावर, कुणाच्या गाडीवर किंवा वाळलेल्या गवतावर जाऊ शकतो.

आणि खरी धास्ती न फुटलेल्या गोळ्याची. वात मध्येच विझली तर अख्खा गोळा, आतल्या दारूसकट, तसाच खाली येतो. म्हणूनच अमेरिकेत नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या ११२३ क्रमांकाच्या मानकात प्रेक्षकांपासूनचं अंतर गोळ्याच्या व्यासावरून ठरतं : दर इंचामागे ७० फूट. ६ इंची गोळ्याला ४२० फूट, म्हणजे १२८ मीटर. वारा जिकडून येतो तिकडे नळी थोडी कलती करून हा फटका कमी करता येतो. २०० मीटर उंचीसाठी ५ अंशांचा कल दिला तर फुटण्याची जागा साधारण पंचवीस-तीस मीटर सरकते आणि न फुटलेला गोळा पडण्याची जागा त्याहूनही बरीच जास्त. मात्र नळ्या पक्क्या बसवलेल्या असल्या तर ऐन वेळी हे करायला वाव नसतो. मग उरतो एकच उपाय, ते गोळे उडवायचेच नाहीत.

डिस्नेच्याच नावाची तीन पार्क घेतली तरी जागेचा फरक केवढा पडतो ते दिसतं. कॅलिफोर्नियातल्या ॲनहाइमचं डिस्नेलँड चहूबाजूंनी रस्ते, हॉटेलं आणि वस्तीने वेढलेलं आहे. शिवाय शरद ऋतूत वाळवंटाकडून समुद्राकडे कोरडे सांता ॲना वारे सुटतात. तिथे वाऱ्यामुळे आतषबाजी रद्द होणं नेमाचंच. टोकियो डिस्नेलँड तर १९८३ साली टोकियोच्या उपसागरात भर घालून केलेल्या जमिनीवर उभं राहिलं, म्हणजे समुद्राचा वारा दारातच. याउलट फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डकडे सुमारे १०० चौरस किलोमीटर जागा आहे. तिथली डोकेदुखी वेगळी : उन्हाळ्यातली गडगडाटी वादळं. पावसाचं फारसं बिघडत नाही. नळ्यांच्या तोंडांवर फॉइल किंवा प्लास्टिक ताणून बसवलेलं असतं आणि गोळा ते फाडून बाहेर पडतो. पण जवळपास वीज चमकायला लागली की दारूपाशी माणसं ठेवता येत नाहीत, कारण पेटवणाऱ्या तारांमध्ये चुकार प्रवाह आला तर गोळा कुणाचीही आज्ञा न घेता सुटेल.

वारा अजिबात नसणंही वाईटच, ही गंमत लोकांच्या लक्षात येत नाही. पहिल्या मिनिटातला धूर जागचा हलत नाही आणि पुढचे गोळे त्या धुराच्या पडद्यामागे फुटतात. त्यामुळे आतषबाजी उडवणाऱ्यांना हवा असतो बेताचा वारा, तोही प्रेक्षकांच्या अंगावर धूर न आणणारा. वरची मर्यादा बऱ्याच ठिकाणी ताशी ३० किलोमीटरच्या आसपास धरतात. पण सरासरी वेगापेक्षा झुळकांचे झटके जास्त घातकी, म्हणून आकडा मर्यादेच्या आत असूनही जबाबदार माणूस नाही म्हणू शकतो. निर्णय शेवटच्या क्षणापर्यंत लांबतो तोही यामुळेच. सूर्यास्तानंतर तासाभरात वारा पडूही शकतो आणि उठूही शकतो. दुपारीच रद्द करून टाकलं तर जी रात्र चांगली निघाली असती ती हातची जाते.

आता तंत्राकडे. संगीतावर बसवलेल्या आतषबाजीत हाताने वात पेटवण्याचा प्रश्नच नसतो. प्रत्येक गोळ्याच्या वातीला विजेची काडी जोडलेली असते : दोन तारा आणि त्यांच्या टोकाला रसायनाचा थेंब. प्रवाह सोडला की थेंब पेटतो. खेळाआधी प्रत्येक तारेतून अगदी क्षीण प्रवाह सोडून जोडणी शाबूत आहे की नाही ते तपासतात. तो प्रवाह काडी पेटायला लागतो त्याच्या कितीतरी खाली ठेवलेला असतो. शेकडो तारांमधली एखादी तुटलेली निघाली तर पडद्यावर तेवढ्यावर खूण दिसते. वेळ असेल तर जोडतात, नसेल तर सोडून देतात. एक गोळा कमी झाला तर प्रेक्षकाला पत्ताही लागत नाही.

संगणक, संगीत, दिवे, आगीचे फवारे हे सगळे एकाच कालसंकेतावर चालतात. तो संकेत मधेच तुटला तरी यंत्र आपल्या अंतर्गत घड्याळावर काही काळ पुढे चालू शकतं. इथे एक बारकावा आहे. ६ इंची गोळा सुटल्यापासून फुटेपर्यंत पाचेक सेकंद जातात. म्हणजे संगीताचा जो ठोका दुसऱ्या मिनिटाला पडणार, त्याच्यासाठीचा गोळा एक मिनिट पंचावन्न सेकंदांना सोडावा लागतो. सगळा खेळ असा पाच सेकंद पुढचा विचार करत चालतो. त्यामुळे चालकाने थांबवायचं ठरवलं तरी आकाश लगेच थांबत नाही. वर गेलेले गोळे फुटणारच. सुटलेला गोळा परत बोलावता येत नाही, हे या धंद्याचं मूळ दुखणं.

म्हणून थांबवण्याची सोय उलटी केलेली असते. चालकाने एक बटण सतत दाबून धरायचं. बोट उचललं की नवे गोळे सुटणं बंद. चक्कर येऊन माणूस कोसळला तरी यंत्रणा आपोआप शांत होते. त्याशिवाय गोळ्यांची आधीच गटवारी केलेली असते : मोठ्या व्यासाचे, अमुक बाजूला कललेले, अमुक जागेवरचे. वारा पूर्वेकडे वळला तर पूर्वेकडचा गट बंद करायचा आणि बाकीचा खेळ संगीतासह चालू ठेवायचा. प्रेक्षकांना वाटतं आज जरा कमी गोळे होते. मला तर खरं कसब इथेच दिसतं, कारण ते त्या रात्रीचं नसतंच. कुठला तुकडा काढला तरी बाकीचं मोडून पडणार नाही, अशी रचना महिनोन् महिने आधी, कागदावर करून ठेवावी लागते.

आणि त्या तयारीचाच घात कसा होऊ शकतो, याचा धडा ४ जुलै २०१२ रोजी सॅन डिएगोच्या उपसागरात मिळाला. ती थीम पार्कची नव्हे, शहराची आतषबाजी होती. तराफ्यांवर हजारो गोळे लावलेले, खेळ सुमारे १८ मिनिटांचा. सुरुवातीच्या इशाऱ्यालाच जवळजवळ सगळे गोळे एकदम सुटले आणि अर्ध्या मिनिटाच्या आत कार्यक्रम आटोपला. तराफे दूर पाण्यात असल्याने कुणाला इजा झाली नाही. नंतर खुलासा झाला तो असा की मूळ फाइल बिघडलीच तर हाताशी असावी म्हणून राखीव प्रत करताना एक पायरी चुकून जास्तीची घडली, आज्ञा दुहेरी झाल्या आणि सगळे क्रम एकाच वेळी चालू झाले. राखीव यंत्रणा बसवणं सोपं असतं. ती मूळ यंत्रणेच्या पायात पाय घालणार नाही हे तपासणं अवघड.

आतषबाजी पार गाळावी लागली तर काय उरतं, याचं उत्तर गेल्या दशकभरात बदललं आहे. २०१५ साली डिस्नेलँडच्या साठाव्या वर्षानिमित्तच्या खेळात किल्ल्यावर, रस्त्याकडेच्या इमारतींवर आणि पाण्याच्या फवाऱ्यांवर चित्रं पाडायला सुरुवात झाली. तेव्हापासून वाऱ्याच्या रात्री गोळे वगळून संगीत, दिवे आणि चित्रं तेवढी दाखवतात. त्याच पार्कमधल्या फँटॅस्मिक या खेळात २२ एप्रिल २०२३ रोजी अवाढव्य यांत्रिक ड्रॅगनने भर कार्यक्रमात पेट घेतला. डिस्नेने जगभरच्या आपल्या पार्कांतले तसल्या धाटणीचे आगीचे प्रयोग काही काळ बंद ठेवले. २०२४ च्या मे महिन्यात खेळ परतला तो ड्रॅगनविना, त्याचा प्रसंग नव्याने रचून.

धुराच्या बाबतीत डिस्नेलँडनेच २००४ साली वेगळा मार्ग धरला. गोळा वर फेकायला काळ्या दारूऐवजी दाबाखालची हवा वापरायची आणि वातीच्या जागी गोळ्यातच इलेक्ट्रॉनिक चिप बसवायची. काळी दारू म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, कोळसा आणि गंधक. जळल्यावर तिचा बराचसा भाग घन कणांच्या धुरात जातो, तेवढा जमिनीलगतचा धूर वाचला. वात मात्र पाच सेकंदांची म्हटली तरी थोडी मागेपुढे होतेच. चिपमुळे फुटण्याची वेळ सेकंदाच्या बारीक अंशापर्यंत नेमकी झाली, आणि वेळ नेमकी म्हणजे उंचीही नेमकी.

ड्रोन आल्यावर अनेकांना वाटलं की आता वाऱ्याचा प्रश्न मिटला. डिस्नेलँड पॅरिसने २०२२ मध्ये किल्ल्यामागून दीडशे ड्रोन उडवून आकाशात आकृती काढल्या. ड्रोनला परत बोलावता येतं, हा गोळ्यापेक्षा त्याचा मोठा गुण. पण वाऱ्यात एका जागी तरंगत राहायला त्याला सतत जोर लावावा लागतो, बॅटरी झपाट्याने उतरते आणि झटका आला की शेजारच्या ड्रोनशी असलेलं अंतर बिघडतं. गोळा निदान वाऱ्याला आडवा जाऊन फुटतो तरी. त्यामुळे तिथेही जोराच्या वाऱ्यात ड्रोन जमिनीवरच राहतात आणि किल्ल्यावरची चित्रं तेवढी ठरल्या वेळी सुरू होतात.