मृगाआधी छपराची डागडुजी: हातात पैसे थोडे असतील तर सुरुवात कुठून करावी

कोल्हापूर, इचलकरंजी आणि आसपासच्या औद्योगिक वसाहतींतील आमच्या ग्राहकांसाठी

मृग लागला की आमचा फोन दिवसभर वाजत राहतो. "कालच्या पावसात गळायला लागलंय, आज माणूस पाठवा." आम्ही येतोही, पण त्या वेळी ताडपत्री बांधण्यापलीकडे आमच्या हातात फारसं काही नसतं. ओल्या कोब्यावर, म्हणजे गच्चीवरच्या सिमेंटच्या थरावर, वॉटरप्रूफिंगचा लेप धरत नाही, ओल्या पत्र्यावर सीलंट चिकटत नाही, आणि निसरड्या पत्र्यावर माणूस चढवायला आम्ही तयार नसतो. तेच काम मार्च-एप्रिलमध्ये दोन माणसं एका दिवसात उरकतात.

छपरावर दर वर्षी मोठी रक्कम घालणं छोट्या कारखान्याला किंवा चार गाळ्यांच्या कॉम्प्लेक्सला परवडत नाही, आणि तशी गरजही नसते. फक्त आहेत ते पैसे नीट क्रमाने खर्च व्हायला हवेत. आधी पाणी जायची वाट, मग सांधे आणि बोल्ट, लेप सगळ्यात शेवटी. आमच्याकडे येणारे बरेच जण मात्र पहिल्याच वाक्यात लेपाचा दर विचारतात. लेप विकणं हा आमचाच धंदा आहे, तरीही सांगतो: तुंबलेल्या गच्चीवर मारलेला महागडा लेपही फार दिवस टिकत नाही.

पाणी जायची वाट

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. ५,००० चौरस फुटांची गच्ची साधारण ४६५ चौरस मीटर भरते. जोरदार वळवात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर तेवढ्या गच्चीवर २३,००० लिटरहून जास्त पाणी पडतं, म्हणजे दहा हजारी दोन टँकर आणि वर थोडं. हे सगळं दोन-तीन चार इंची पाइपांतून खाली उतरायचं असतं. पाइपच्या तोंडावर प्लास्टिकची एक पिशवी आडवी बसली की झालं. गच्चीभर चार इंच पाणी साचलं, तर त्याचं नुसतं वजनच ४६ टनांच्या पुढे जातं. शिवाय साचलेलं पाणी घाईत नसतं. कोब्यातली केसाएवढी भेगही ते शोधून काढतं.

आपल्या भागात तुंबायची कारणंही आपलीच आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावकडच्या फौंड्रींच्या शेडवर वाळूची बारीक धूळ बसते. त्या वाळूत बेंटोनाइट माती असते. ती पन्हाळीत भिजली आणि पुन्हा वाळली की पहार लावावी लागते. इचलकरंजीत यंत्रमागांचे तंतू उडून जाळीवर गोधडीसारखे बसतात. बाजारपेठेत कबुतरांची घरटी, फ्लेक्सचे तुकडे आणि गुटख्याच्या पुड्या.

सफाई करताना कचरा पाण्याने पाइपात ढकलू नका. वर दिसेनासा झाला तरी तो खालच्या बाकात जाऊन अडकतो आणि जुलैत त्रास देतो. खुरप्याने सोडवा, पोत्यात भरा, खाली आणा. मग प्रत्येक तोंडात दोन बादल्या पाणी एकदम ओता आणि खाली एका माणसाला उभा करा. पाणी दणक्यात आलं तर पाइप मोकळा आहे. रेंगाळत आलं तर आत काहीतरी अडकलंय.

दोन छोटे बदल आम्ही सगळ्यांनाच सुचवतो. सपाट जाळीवर एक पान पडलं तरी तोंड झाकतं, म्हणून तिच्या जागी घुमटासारखी उभी जाळी बसवा. आणि पाइपच्या तोंडाजवळ, कठड्याला गच्चीपासून तीन-चार इंचांवर एक जादा भोक पाडून त्यात बाहेरच्या बाजूला झुकता पाइपचा तुकडा नीट सील करून बसवा. मुख्य वाट तुंबली तर पाणी तिथून बाहेर पडेल. रस्त्यावरून जाताना त्या भोकातून धार दिसली, की लगेच माणूस वर पाठवायचा. एवढा स्वस्त पहारेकरी दुसरा नाही.

पत्र्याचं शेड

इचलकरंजीच्या एका गोडाऊनमध्ये सुताची बाचकी सारखी एकाच जागी भिजत होती. मालकांनी त्या जागेवरचे दोन पत्रे बदलले, पुढच्या पावसात पुन्हा तेच. आम्ही पावसात आत उभे राहून वर बॅटरी मारली. थेंब पडत होता तिथला पत्रा कोरडा होता. पाणी पर्लिनच्या, म्हणजे पत्र्याला खालून आधार देणाऱ्या लोखंडी पट्टीच्या, कडेने सरकत येत होतं. ओलीचा तो माग धरत गेलो, तर जवळपास बारा फूट वरच्या अंगाला एका बोल्टचा वॉशर फाटलेला सापडला. वॉशर बदलला, गळती थांबली. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला सांगतो की थेंब पडतो ती जागा आणि पाणी शिरतं ती जागा एक धरू नका. उताराच्या वरच्या बाजूला शोधा.

बोल्टचं रबर उन्हाने कडक होतं. अंगठ्याचं नख दाबून बघा. दबलं आणि परत वर आलं तर चांगलं, भेग पडली किंवा चुरा निघाला तर ते गेलं. सगळे बोल्ट एका वर्षात बदलायला परवडत नसेल तर दक्षिणेकडचा आणि पश्चिमेकडचा उतार आधी घ्या, तिथे ऊन जास्त खातं. नवा स्क्रू आवळताना मशीन दाबून धरू नका. वॉशर बशीसारखा उलटा वळला की त्यात पाणी साचतं.

एसीचं पाणी पत्र्यावर सोडलेलं आम्हाला फार ठिकाणी दिसतं. चोवीस तास एकाच रेघेवर थेंब पडत राहतो, आणि तांब्याच्या नळीवरून आलेलं पाणी तर जस्ताचा थर लवकर खातं. फूटभर पाइप वाढवून ते पन्हाळीच्या बाहेर न्या. पाइपच्या पैशात एक पत्रा वाचतो.

दातेरी छपरांच्या जुन्या शेडमध्ये दोन उतारांमधली पन्हाळ हीच दुखरी जागा. तिचा तळ गंजला असेल, तर वरून डांबर ओतून फक्त दिवस निघतात. सगळी पन्हाळ एकदम बदलणं जमत नसेल, तर पाइपच्या तोंडाजवळचा भाग या वर्षी आणि उरलेला पुढच्या वर्षी, असं करता येतं. जोडावर मात्र खालच्या बाजूचा तुकडा खाली आणि वरच्या बाजूचा त्याच्यावर, असाच यायला हवा.

गच्ची

कोबा पोकळ झालाय का, हे कळायला मशीन लागत नाही. हातोडीच्या दांड्याने ठोकत चला. खणखणीत आवाज आला तर पुढे, बद्द आवाज आला तिथे खडूने गोल करा. असे गोल हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील तर तेवढेच तुकडे काढून पुन्हा भरून घ्या. निम्मी गच्ची खडूने भरली, तर ठिगळांवर पैसे घालू नका. ते साठवा आणि एकदाच नीट करा.

गच्ची आणि कठडा मिळतात तिथे गवंडी गोलाई मारतात. तिला आम्ही वाटा म्हणतो. आम्ही पाहिलेल्या बऱ्याच गळती इथूनच सुरू झालेल्या असतात, कारण उन्हात स्लॅब आणि भिंत सारख्या हलत नाहीत आणि हा सांधा उघडतो. वाटा आणि पाइपची तोंडं एवढीच दुरुस्त केली, तरी अनेक गच्च्यांची तक्रार मिटते. ज्यांच्याकडे एकाच कामापुरते पैसे आहेत, त्यांनी हे काम घ्यावं.

पिंपळाचं रोप बोटभर असतानाच काढा. नुसतं छाटलं तर मूळ आत जाड होत राहतं आणि कठडा फोडतं. भेग थोडी उघडून मुळासकट काढायचं आणि मग ती भेग भरायची. पिंपळ तोडायला अनेकांचं मन धजत नाही, आणि ते आम्ही समजू शकतो. रोप लहान असेल तर ते काढून मोकळ्या जागेत लावता येतं, आमचे कामगार ते आनंदाने करतात.

गच्चीवर इतरांचा वावर

सोलरवाले, डिशवाले, जाहिरातीचा बोर्ड लावणारे, एसीचे मेकॅनिक. सगळे आपापलं काम करून जातात आणि मागे कोब्यात भोकं राहतात. गच्चीची किल्ली एकाच माणसाकडे ठेवा. कोण वर गेलं ते वहीत लिहा, आणि काम झाल्यावर फोटो पाहिल्याशिवाय बिल देऊ नका. सोलरचा सांगाडा कोब्याला भोक न पाडता सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसवता येतो का, हे करार करण्याआधी विचारा. ठोकळ्यांचं वजन आणि वारा या दोन्हींचा हिशेब इंजिनिअरकडून घ्यावा लागतो.

कधी काय

सफाई गुढीपाडव्याच्या सुमारास करा. मग वळवाची वाट बघा. एप्रिल-मेमधला वळीव ही छपराची फुकटची चाचणी असते. सर आली की आत फिरा आणि ओल दिसेल तिथे तारखेसकट फोटो घ्या. दुसऱ्या दिवशी ऊन पडतं, आणि मृगाच्या आधी दुरुस्तीला हातात काही आठवडे मिळतात. पुढे श्रावणात उघडीप मिळाली की जाळ्या एकदा पुन्हा साफ करा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, त्यामुळे हे फक्त इमारतीचं काम नाही. दसऱ्यानंतर शेवटची फेरी मारून पुढच्या वर्षीची यादी करून ठेवा.

इथे काटकसर नको

सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय ठेवू नका. वरून धड दिसणारा पत्राही वजनाखाली एकदम तुटतो, आणि त्यातून खाली पडून माणसं जातात. फळी, दोर आणि पट्टा नसेल तर काम थांबवा, मग तो माणूस आमचा असो किंवा दुसऱ्या कुणाचा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ते सुके घासू नका, ग्राइंडरने कापू नका, त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे.

स्लॅबच्या खालून सळ्या दिसत असतील, पोपडे पडत असतील किंवा स्लॅब खाली झुकलेला वाटत असेल, तर आम्हालाही आधी बोलावू नका. गंजलेली सळी फुगते आणि भोवतीचं काँक्रीट फोडते. तिथे लेप मारणं म्हणजे दुखणं झाकणं. स्ट्रक्चरल इंजिनिअर बघून गेल्यावर आम्ही येऊ.

पाहणीला बोलावताना

आम्ही खर्च हजेरीत सांगतो, म्हणजे किती माणसं किती दिवस लागतील ते. सामानाचं बिल वेगळं, दुकानाच्या पावतीसकट. पाहणीनंतर तुम्हाला एक कागद मिळेल, त्यावर तीन रकाने असतील: या वर्षी करायलाच हवं, पुढच्या वर्षी चालेल, आणि करायची गरज नाही. तिसरा रकाना आम्ही प्रामाणिकपणे भरतो.

पाहणीच्या दिवशी तीन गोष्टी तयार ठेवा. गच्चीची किल्ली, मागच्या पावसाळ्यातले गळतीचे फोटो असतील तर ते, आणि गळतं कुठे हे ज्याला रोज दिसतं तो माणूस. बऱ्याचदा तो वॉचमन असतो किंवा शेवटच्या मागावर काम करणारा कामगार. त्याला दहा मिनिटं आमच्याबरोबर वर येऊ द्या.