युद्धकालीन नॅरोगेज रेल्वेच्या स्थिर प्रतिकृती

पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर वापरलेल्या ६०० मि.मी. गेजच्या रेल्वेची इंजिने, वाघिणी, रूळ आणि भोवतालची जमीन प्रमाणात लहान करून, न धावणाऱ्या देखाव्याच्या रूपात घडवण्याची हस्तकला. माथेरानच्या गाडीचे गेज ६१० मि.मी. आहे, त्यावरून या दोन रुळांमधल्या अंतराचा, म्हणजे गेजचा, अंदाज यावा. मोठ्या रेल्वेचे शेवटचे स्थानक आणि तोफांच्या जागा यांमधल्या चिखलात लॉऱ्या रुतत. तिथे दारूगोळा पुढे नेणे आणि जखमींना मागे आणणे हे या रेल्वेचे काम होते. फ्रेंच व जर्मन सैन्यांकडे ही व्यवस्था आधीपासून होती, ब्रिटिशांनी ती १९१६ पासून मोठ्या प्रमाणावर उभारली.

प्रतिकृती धावायची नसेल तर गेजची तडजोड करावी लागत नाही, आणि स्थिर कामाचे खरे बळ इथेच आहे. धावत्या प्रतिकृतींच्या छंदात लोकप्रिय असलेल्या १:७६ प्रमाणात ९ मि.मी. गेजचा तयार रूळ वापरतात. खऱ्या मापात तो ६८४ मि.मी. भरतो, म्हणजे गाडी उगाच रुंद बसते. १:३५ मध्ये अचूक गेज १७.१ मि.मी. येते. रणगाडे करणाऱ्यांचे हेच रुळलेले प्रमाण असल्याने त्यात सैनिक, घोडे, तोफा मुबलक मिळतात.

इंजिनांत अमेरिकेहून आलेले बाल्डविन कंपनीचे ४-६-० (पुढे चार लहान चाके, मग सहा चालक चाके, मागे एकही नाही) आणि जर्मनांचे आठ चाकी ‘ब्रिगेडलोक’ सर्वांच्या आवडीचे. ब्रिटिशांनी ४९५ बाल्डविन घेतली होती. आघाडीजवळ मात्र धूर आणि भट्टीचा उजेड शत्रूच्या नजरेस पडे, म्हणून तिथे पेट्रोलवरची सिम्प्लेक्स नावाची छोटी इंजिने चालत. नवख्याने सिम्प्लेक्सपासूनच सुरुवात करावी: सपाट पत्र्यांची पेटी असल्याने ती प्लास्टिकच्या पातळ पट्ट्यांतून सहज उभी राहते. बाल्डविन करताना पाणी ओढण्याचा लांब नळ विसरू नये. तोफगोळ्यांच्या खड्ड्यांत साचलेले पाणीही इंजिने त्यानेच टाकीत घेत.

तरीही सगळ्यांत जास्त वेळ द्यावा तो रुळांना. फ्रेंच पद्धतीत रूळ आणि पोलादी स्लीपर जोडलेले पाच मीटरचे तयार तुकडे माणसे उचलून थेट जमिनीवर टाकत. १:३५ मध्ये असा तुकडा १४३ मि.मी. भरतो. तो सरळ रेषेत, खडीवर नीट बसवला की देखावा खोटा पडतो. सांध्यापाशी रूळ किंचित खचलेला हवा, स्लीपरची टोके कुठे चिखलात बुडालेली, कुठे अधांतरी. रुळाचा माथा चाकांनी घासून चकचकीत आणि बाजू गंजलेल्या दाखवाव्यात.

चिखलाचा रंगही ठिकाणाप्रमाणे बदलतो. फ्रान्समधल्या सोम नदीच्या खोऱ्यात खडूचा दगड असल्याने तिथला चिखल पांढुरका. बेल्जियममधल्या ईप्र शहराभोवती चिकणमातीचा करडा. प्लास्टर, गोंद आणि रंगाची भुकटी कालवून तो लावतात. वाघिणीतल्या मालालाही माप लागते: सहा इंची हॉवित्झर तोफेचा गोळा १:३५ मध्ये जेमतेम ४.४ मि.मी. जाड, तो पितळी सळईतून कातता येतो.

संदर्भासाठी लंडनच्या इंपीरियल वॉर म्यूझियममधली छायाचित्रे उपयोगी पडतात, पण ती कृष्णधवल असल्याने रंग त्यांतून ठरत नाही. काही मूळ इंजिने अजून पाहता येतात. युद्धानंतर बरीच बाल्डविन भारतात आली. त्यांतले ७७८ क्रमांकाचे इंजिन पुढे इंग्लंडला परत नेऊन पुन्हा चालू करण्यात आले आहे.