धमनीतील आणि शिरेतील रक्तवायू तपासणी

रक्ताचा पीएच (म्हणजे ते किती आम्ल वा अल्क आहे याचे माप), त्यातील ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड यांचा दाब आणि आम्लता सावरणाऱ्या बायकार्बोनेटचे प्रमाण सांगणारी ही तपासणी अतिदक्षता विभागात दिवसातून अनेकदा केली जाते. नमुना धमनीतला असेल तर तिला ‘एबीजी’ म्हणतात, शिरेतला असेल तर ‘व्हीबीजी’. यंत्र एकच, आकडे मात्र वेगळे येतात. आणि कोणता फरक दुर्लक्षिण्याजोगा व कोणता जिवावर बेतणारा, हे ओळखण्यातच डॉक्टरचे कौशल्य आहे.

या तपासणीचे महत्त्व १९५२ साली कोपनहेगनमधील पोलिओच्या साथीत ठळक झाले. ब्लेगडाम रुग्णालयातील रुग्णांच्या रक्तात एकूण कार्बन डायऑक्साइड वाढलेला दिसे आणि रक्त अल्कधर्मी झाले आहे, असा त्याचा अर्थ लावला जाई. श्वास अपुरा पडल्याने कार्बन डायऑक्साइड साचतो आहे, हे भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी ओळखले. पीएच मोजल्यावर रक्त आम्लधर्मी निघाले आणि उपचारांची दिशाच बदलली.

धमनीचा नमुना बहुधा मनगटातून घेतात. हाताखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मनगट मागे वाकवायचे, दोन बोटांनी नाडी चाचपायची आणि साधारण ४५ अंशांत सुई घालायची. रक्त नाडीच्या ठोक्यागणिक आपोआप सिरिंजमध्ये चढते. नंतर निदान पाच मिनिटे जागा दाबून धरावी लागते. हे टोचणे शिरेच्या टोचण्यापेक्षा बरेच दुखते. रक्त साकळणे, क्वचित धमनी बंद होणे हे धोकेही असतात. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला किंवा नमुना बराच वेळ पडून राहिला, तर एवढ्या त्रासाने मिळवलेले आकडेच चुकतात.

रक्ताभिसरण ठीक असलेल्या रुग्णात शिरेतला पीएच धमनीपेक्षा सरासरी ०.०३ ने कमी आणि बायकार्बोनेट लिटरमागे सुमारे १ मिलिमोलने जास्त असते. त्यामुळे मधुमेही किटोॲसिडोसिसमध्ये, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्त आम्ल होते तेव्हा, निदानाला आणि पुढच्या देखरेखीला शिरेचा नमुना पुरतो. अशा रुग्णाची धमनी दर काही तासांनी टोचण्याला काहीच समर्थन नाही. शिरेतले लॅक्टेट (ऑक्सिजन अपुरा पडल्यावर पेशींत वाढणारा पदार्थ) सामान्य असेल, तर तेही विश्वासार्ह मानतात. मात्र नमुना घेताना दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवू नये.

कार्बन डायऑक्साइडची गोष्ट वेगळी. शिरेतला दाब सरासरी ४ ते ६ मिमी पारा जास्त असतो, पण हा फरक रुग्णागणिक इतका बदलतो की ठरावीक आकडा वजा करून धमनीतला दाब काढता येत नाही. सीओपीडीच्या (श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) रुग्णात शिरेतला दाब ४५ किंवा त्याहून कमी आला, तर धमनीत कार्बन डायऑक्साइड साचल्याची शक्यता फार कमी. तोच ६० आला, तर नेमकी पातळी कळण्यासाठी एबीजी करावीच. ऑक्सिजनच्या दाबासाठी शिरेतले रक्त निरुपयोगी आहे: धमनीत ८० ते १००, तर शिरेत ४० च्या आसपास. ही उणीव पल्स ऑक्सिमीटर बरीचशी भरून काढतो. पण शॉकच्या, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडून हातपाय गार पडलेल्या रुग्णात तो फसतो आणि सावळ्या त्वचेवर खरा आकडा असेल त्याहून जास्त दाखवू शकतो. आपल्याकडच्या रुग्णांच्या बाबतीत ही गोष्ट विसरून चालणार नाही.

शॉकमध्ये दोन्ही नमुन्यांतले अंतर वाढते. रक्तप्रवाह मंदावला की पेशींनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड शिरेकडच्या बाजूला साचतो, तर फुप्फुसांतून जाणारे थोडेसे रक्त चांगले धुऊन निघते. हृदय बंद पडून छातीवर दाब देणे चालू असलेल्या १६ रुग्णांचा अभ्यास १९८६ मध्ये वाइल आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. त्यात धमनीतला पीएच सरासरी ७.४१, तर फुप्फुसधमनीतल्या, म्हणजे साऱ्या शरीरातून परतलेल्या मिश्र शिरारक्ताचा ७.१५ होता. एकट्या धमनीचा आकडा पाहणाऱ्याला सारे आलबेल वाटले असते. म्हणून शॉकच्या रुग्णात दोन्ही नमुने एकाच वेळी घ्यावेत. मध्यवर्ती (हृदयाजवळच्या मोठ्या) शिरेतला कार्बन डायऑक्साइडचा दाब धमनीपेक्षा ६ मिमीहून अधिक असेल, तर ऊतींपर्यंत रक्त पुरेसे पोहोचत नसल्याची शंका घेतली जाते. धमनीत नळी बसवून ठेवलेल्या रुग्णात टोचण्याचा प्रश्न उरत नाही. तिथे वारंवारच्या नमुन्यांमुळे वाया जाणाऱ्या रक्ताकडे लक्ष ठेवावे लागते.